आडव्या दगडाखाली

माझी वहिनी आधी हात उचलायची आणि मग तोंड उघडायची. पुष्कळदा तोंड उघडायची गरजच पडायची नाही. लोक तिला मागून 'घण' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. एका हमालाने एकदा चेष्टेत म्हटलं, तर त्याचे पुढचे दात गेले. पुढे तो बोलायला लागला की शब्दाआधी शीळ यायची आणि ऐकणाऱ्याला हसू आवरायचं नाही. वहिनी आसपास असली की मात्र सगळ्यांना बरोबर आवरायचं.

मी तिची नणंद. नवरा गेल्यावर भावाच्या घरी आले आणि तिथेच राहिले. आमचं घर दगड बसवणाऱ्यांचं. मोठ्या इमारतींच्या दर्शनी खांबांवर जे आडवे दगड असतात ते घडवायचे आणि चढवायचे, हे आमच्या टोळीचं काम. वहिनी मुकादम. माझा भाऊ, म्हणजे दादा, कारागीर. हातोडा आणि छिन्नी सोडून त्याने जगात कशातही नाक खुपसलं नाही. मी अंगणातल्या भट्टीवर बसायचे, बोथट छिन्न्या तापवून ठोकायचे, धार काढायचे, लोखंड कडक व्हावं म्हणून पाणी द्यायचे. माझ्या उजव्या कोपरावर एक व्रण आहे, तो वहिनीचा. एक छिन्नी मऊ राहिली, दगडावर वाकली, तिने ती तशीच माझ्या अंगावर फेकली. त्यानंतर माझ्या हातून मऊ छिन्नी गेली नाही, हे खरं. पण म्हणून तो व्रण मी कौतुकाने मिरवते असं कुणी समजू नये. मला तिचा राग होता आणि अजून थोडा आहे.

खांबांचं लोकांना फार अप्रूप. इमारतीसमोर उभे राहतात, माना वर करतात, खांब किती उंच, खांब किती सुबक. अहो, खांब नुसता उभा असतो. उभं राहायला काय लागतं? खरं काम करतो तो त्यांच्या डोक्यावरचा आडवा दगड. या खांबापासून त्या खांबापर्यंत अधांतरी पसरायचं, छपराचा सगळा भार अंगावर घ्यायचा आणि वाकायचं नाही. त्याचे थर असतात. सगळ्यात खाली तुळई, ती खांबांवर टेकते. तिच्यावर मधला पट्टा, त्यावर नक्षी. आणि त्याच्यावर पुढे आलेला कंगोरा, पावसाचं पाणी भिंतीवर न ओघळता लांब पडावं म्हणून. या सगळ्याला मिळून आमच्या टोळीत 'ओझं' म्हणायचे. 'ओझं चढलं का?' 'ओझं कधी मोकळं करताय?' असं चालायचं.

ओझं मोकळं करणं म्हणजे खालचे टेकू काढणं. दगड चढवताना तुळईखाली जाड लाकडी टेकू उभे करतात. चुना धरेपर्यंत आणि वरचे थर बसेपर्यंत तुळई त्या टेकूंच्या भरवशावर असते. टेकूच्या बुडाशी पाचर असते. ती घणाने उडवली की टेकू सैल होऊन पडतो. असे सगळे टेकू पडले की तुळईवर पहिल्यांदा सगळा भार येतो. आणि त्या वेळी ती ज्याने घडवली त्याने तिच्या बरोबर खाली उभं राहायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. इमारत बांधून घेणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कधीतरी कुणीतरी सुरू केला असेल. इंजिनिअर लोक म्हणायचे, याची काही गरज नाही. गरज नव्हतीच. पण जो उभा राहिला नाही त्याला पुन्हा कुणी दगडाला हात लावू देत नसे.

वहिनीचा बाप असाच गेला. तोही मुकादम आणि तोही मारकुटा. बायकोला मारायचा, मुलीला मारायचा, हातात काही नसलं तर पायातलं काढायचा. वहिनी लग्नाआधी बापाबरोबर कामावर जायची. त्या दिवशी बाप तुळईखाली उभा राहिला आणि टेकू पाडायला त्याने तिलाच सांगितलं, कारण पुढे टोळी तीच चालवणार होती. तिने शेवटच्या पाचरीवर घण घातला. तुळई मधोमध मोडून खाली आली. वहिनीने मला त्यातलं फार थोडं सांगितलं. एवढंच, की कडाका झाला तेव्हा बाप तिच्याकडे बघत होता, रागाने, जणू तिच्याच हातून काहीतरी चुकलं. त्याला दगडाखालून काढायला दुपार गेली. जे निघालं ते एका चादरीत मावलं.

चूक तिची नव्हती. त्या दगडात शीर होती. दगडात कधीकधी केसाएवढी बारीक रेघ आतवर गेलेली असते, तिला आम्ही शीर म्हणतो. आडवा दगड वरच्या अंगाने दाबला जातो आणि खालच्या अंगाने ताणला जातो. शीर वर राहिली तर भाराने मिटून जाते. खाली राहिली तर फाटत जाते. बापाने शीर खाली ठेवली होती. त्याने ती बघितलीच नव्हती.

तेव्हापासून वहिनीचा नेम ठरला. खाणीतून दगड आला की ती स्वतः त्याला हातोडीने सगळीकडून ठोकायची आणि कान लावायची. चांगला दगड खणखणीत बोलतो, आतून चिरलेला बद्द बोलतो. शीर सापडली की त्या अंगाच्या टोकाशी ती गेरूने मोठी फुली मारायची. फुलीचं अंग वर. दगड जागेवर बसला की फुली मधल्या पट्ट्याखाली झाकली जायची, पुन्हा कुणाला दिसायची नाही. आणि ती फुली तिने मारायची, पुसायची तर तिनेच पुसायची. एका नव्या गवंड्याने ओल्या हाताने ती पुसली, तर वहिनीने त्याचं तोंड चुन्याच्या हौदात दाबून धरलं. दादाने वेळेवर बादलीभर पाणी ओतलं म्हणून त्याचे डोळे वाचले. तिचं म्हणणं, त्याने पुसलेली फुली उद्या कुणाच्या तरी बापाच्या डोक्यावर पडली असती. तिचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

दगडाला ती आधी ठोकायची आणि मग ऐकायची. माणसालाही आधी ठोकायचीच. ऐकायचं तेवढं राहून जायचं.

दादाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची थप्पड. "बरंच झालं गं," तो मला म्हणायचा, "त्या बाजूला ती बसते." तो असे विनोद करायचा आणि मला त्याचाच जास्त संताप यायचा. मार खाऊन वर विनोद करणाऱ्या माणसाचं काय करायचं, सांगा. मी एकदा त्याला म्हटलं, "एकदा तरी तिचा हात धर की रे." तो म्हणाला, "धरला होता. त्याच दिवशीचं आहे हे," आणि कानाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या टोळीतून आलेला एक कारागीर तुळईखाली उभा राहायला नाही म्हणाला. लहान मुलं आहेत, म्हणाला. वहिनीने त्याला केसांना धरून ओढत आणलं, गुडघ्यांवर बसवलं, आणि सगळे टेकू पडेपर्यंत त्याच्या मानेवर पाय देऊन स्वतः शेजारी उभी राहिली. तो ओरडत होता, त्याची विजार ओली झाली होती, आणि ती वर दगडाकडे बघत होती. दगड टिकला. कारागीर टिकला नाही. त्याने हातोडा सोडला आणि दुधाचा धंदा धरला. सगळ्या गल्लीला दूध घालायचा, आमचं दार सोडून.

आता एवढं सांगितल्यावर हेही सांगायला हवं. मला मुदतीचा ताप आला तेव्हा हीच बाई मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात गेली. रांगेत मध्ये घुसणाऱ्या एकाच्या कानाखाली वाजवली, मला बाकावर निजवलं आणि रात्रंदिवस उशाशी बसून राहिली. "वन्सं, मरायचं नाही हं," असं दम दिल्यासारखं म्हणायची. मी मेले नाही. मरायची हिंमत झाली नाही म्हणा हवं तर.

त्यांना एकच मुलगा. त्याला सगळे गप्पू म्हणायचे, कारण तो गप्प असायचा. त्याला काही झालं होतं असं नाही. या घरात तोंड उघडण्याचे परिणाम त्याने पाळण्यातून पाहिले होते. वहिनीला काही सांगायचं म्हणजे आधी गाल सांभाळायचे, त्यात बातमी वाईट असेल तर ती कुणीच सांगायची नाही, अशी आम्हा सगळ्यांना सवय पडली होती. पातेलं करपलं, बरणी फुटली, तरी आम्ही मांजरावर ढकलायचो. आमच्याकडे मांजर नव्हतं. वहिनीने त्या नसलेल्या मांजराला मारायला दाराआड काठी ठेवली होती.

गप्पूचा हात मात्र बापापेक्षा सरस निघाला. त्याने घडवलेला कंगोरा असा सरळ, की त्यावरून बोट फिरवलं तर दगड संपला कधी आणि हवा सुरू झाली कधी ते कळू नये. दादा म्हणायचा, माझं काम लोक बघतात, याचं काम लोक हात लावून बघतात. वहिनीने तोंडाने कधी कौतुक केलं नाही, पण एक होतं. त्याला तिने पाठीवर मारलं, पायांवर मारलं, डोक्यात मारलं, वाढत्या वयात एकदा बरगडीही मोडली. हातांवर कधी मारलं नाही. रागाने आंधळी झाली तरी हात वगळून मारायची.

न्यायालयाची नवी इमारत उभी राहत होती. समोर खांबांची रांग, मधोमध मोठं दार, आणि दारासमोर दोन खांबांमधलं अंतर सगळ्यात जास्त. त्या अंतरावरची तुळई म्हणजे सगळ्या ओझ्याचा कणा. ती वहिनीने गप्पूला दिली. एवढं मोठं काम त्याचं पहिलंच. दगड आला, तिने ठोकून ऐकला, एका अंगाला शीर सापडली, तिने फुली मारली. "हे अंग वर," ती म्हणाली. गप्पूने मान हलवली.

त्यानंतर आठवड्याच्या आत दगड सरकवताना खालचा लाकडी रूळ निसटला आणि वहिनीच्या पावलावरून गेला. पावलाचा चेंदा झाला. तिला पलंगावर पडावं लागलं, आणि पडून राहिलेल्या वहिनीची सेवा करणं म्हणजे काय ते मलाच माहीत. हाताशी येईल ते फेकायची. गप्पू संध्याकाळी यायचा, दारातच उभा राहायचा.

"काम कुठवर आलं?"

"चाललंय."

"तुळई चढली?"

"चढली."

"नीट?"

"नीट."

एवढंच. त्याला आणखी काही सांगायचं आहे असं मला दोनदा वाटलं. त्याने तोंड उघडलं, तिने "काय रे?" म्हणून खेकसलं, आणि तो पाणी प्यायला आत गेला.

ओझं मोकळं करायचा दिवस आला तेव्हा वहिनी कुबडी घेऊन उठली. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मी तिला धरून नेलं. ती खूश होती. वाटेत एका सायकलवाल्याचा धक्का लागला, तरी त्याला काही बोलली नाही, तेव्हाच मला कसंसं झालं. इमारतीसमोर बरीच माणसं जमली होती. इंजिनिअरसाहेब होते, टोळी होती, रस्त्यावरचे बघे होते. दादा वर परांचीवर, कंगोऱ्याचे दोर सोडवत होता. आणि मधल्या तुळईखाली गप्पू उभा होता, धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून. टेकूंच्या मध्ये उभा राहून तो आईकडे बघून थोडासा हसला. तो हसला की पोरासारखा दिसायचा.

वहिनी पायऱ्या चढून त्याच्याजवळ गेली, त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली, आणि मग तिने वर पाहिलं.

तुळईच्या खालच्या अंगावर, खांबाला लागून, गेरूची फुली होती. तिचीच फुली. जी वर झाकली जायला हवी होती ती खाली, तिच्या तोंडावर होती. आणि फुलीच्या पुढे, तुळईच्या पोटाला, गप्पूने एक लांबट चौकट कोरली होती. आत खोल, कडांना बारीक कंगोरे, अगदी देखणी. खालून जाणाऱ्या प्रत्येकाने बघावी अशी.

"दगड कुणी उलटवला?" तिने विचारलं.

"मी."

"नक्षी दाखवायला?"

"आई, आधी ऐक..."

पुढचं तोंडातच राहिलं. थप्पड अशी बसली की त्याचं डोकं टेकूवर आपटलं. नाकातून रक्त त्या धुतलेल्या शर्टावर आलं.

"बाहेर ये."

"नाही."

हा शब्द आमच्यापैकी कुणी तिच्यासमोर उच्चारला नव्हता. टोळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"माझा दगड आहे," गप्पू म्हणाला. "मी उभा राहणार."

तिने त्याची कॉलर धरून ओढलं. त्याने उजव्या हाताने टेकू घट्ट धरला. तिने कुबडी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली, पुन्हा घातली, कुबडी मोडली तेव्हा मोडक्या टोकाने खांद्यावर मारलं. शर्ट फाटला, कातडं फाटलं. तो हूं नाही की चूं नाही. टेकू सोडेना. इंजिनिअरसाहेब "अहो बाई, अहो बाई" करत पुढे आले, त्यांच्या नाकावर कोपर बसलं आणि ते पायरीवर खाली बसले. मी तिच्या कमरेला मिठी मारली. तिने मला झटकलं ते मी खांबावर जाऊन आदळले. तिचे डोळे मी पाहिले. तिला तिथे गप्पू दिसत नव्हता. तिला ती चादर दिसत होती.

"सोड," ती म्हणाली.

"नाही सोडत."

टेकूशेजारी पाचर ठोकायचा हातोडा पडला होता. तिने तो उचलला आणि टेकूला धरलेल्या त्याच्या हातावर घातला.

तो आवाज मी सांगणार नाही. पहिल्या घावाला त्याने टेकू सोडला नाही. तिने दुसरा घातला. मग त्याचा हात आपोआप सुटला, आणि तिने त्याला मागून काखेत धरून, त्या चेंदलेल्या पावलावर जोर देत, फरफटत तुळईखालून बाहेर काढलं आणि पायऱ्यांवर टाकलं. स्वतः त्याच्या शेजारी बसली. धापा टाकत होती.

"जिवंत आहेस," ती म्हणाली. "हात गेला तर गेला. जिवंत आहेस."

गप्पू आपल्या हाताकडे बघत होता. बोटं भलत्याच दिशांना वळली होती.

तेवढ्यात दादा परांचीवरून खाली आला. एका कानाने त्याला वर नीट ऐकू गेलं नव्हतं, दंगा झाला तेव्हा त्याने खाली वाकून पाहिलं आणि शिडीने उतरेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. त्याने पोराचा हात पाहिला. मग तो वहिनीसमोर उभा राहिला. मी माझ्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडताना ऐकलं.

"शीर काढलीय त्याने. अगं, खणून काढलीय. शीर संपेपर्यंत खणत गेला, ती चौकट आहे ती. दुसऱ्या अंगाला दगड बद्द बोलत होता. तू ठोकलास तेव्हा वरचं कवच जाड होतं, घडवायला घेतल्यावर कळलं. मी कान लावून ऐकलं. आत हातभर चीर आहे. ते अंग खाली ठेवलं असतं तर आज मेला असता. म्हणून उलटवला."

"मग फुली का ठेवली?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुझी फुली दुसरं कोण पुसणार?"

"मला सांगितलं का नाही?"

दादा पोराशेजारी खाली बसला. नंतर मला कळलं, की त्या बापलेकांचं त्यावर बोलणं झालं होतं. दादा म्हणाला होता, आईला तू सांग, मी सांगितलं तर दुसराही कान जाईल. दोघंही हसले होते. आणि सांगायचं राहून गेलं होतं.

वहिनी उठली. तिने टेकूजवळ पडलेला घण उचलला. लंगडत तुळईखाली गेली. कुणाला काही कळायच्या आत तिने पहिली पाचर उडवली. टेकू पडला. लोक मागे पळाले. दादा "अगं ए" म्हणून धावला, तर तिने त्याच्या दिशेने घण असा फिरवला की तो जागीच थांबला. दुसरी पाचर. तिसरी. प्रत्येक घावाला तिचं पाऊल दुमडत होतं, बँडेजमधून रक्त फरशीवर येत होतं. ती दगडाला मारत होती की स्वतःला, कोण जाणे. शेवटचा टेकू तिने घणाने नाही, खांद्याने पाडला.

वरून चुन्याची भुकटी तिच्या केसांवर पडली. तुळईने एक आवाज केला, एखादा जड माणूस खुर्चीत बसला की येतो तसा, बसका. मग काही नाही.

ओझं मोकळं झालं होतं. रिवाजाप्रमाणे आता बाहेर यायचं असतं, लोक पाठ थोपटतात. वहिनी आली नाही. ती मान वर करून उभी राहिली. इंजिनिअरसाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, झालं, आता बाहेर या. ती हलली नाही. बघे कंटाळून निघून जायला लागले, तरी ती तिथेच. आणि मग मला कळलं, ती कसली वाट बघतेय. तिला तो दगड पडायला हवा होता. पडला असता तर ती खरी ठरली असती. मग तिने हात मोडून मुलाचा जीव वाचवला असं झालं असतं. दगड टिकला, म्हणजे तिने नुसताच हात मोडला होता. मला तिची दया आली नाही. खरं सांगते, त्या घटकेला मलाही वाटलं, पडावा.

गप्पू पायऱ्यांवरून उठला. डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून तुळईच्या कडेपर्यंत गेला.

"आई," तो म्हणाला, "तो नाही पडणार. कितीही वेळ उभी राहिलीस तरी."

तेव्हा ती बाहेर आली.

दवाखान्यात मी त्याला घेऊन बसले. दादा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. वहिनी खोलीच्या दाराशी जमिनीवर बसली, तिच्या पावलाकडे बघायला नर्स आली तर तिने हात करून तिला गप्पूकडे पाठवलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला, बोटं एकेक दाबून पाहिली. गप्पू घामाने निथळत होता.

"हात राहील," त्या म्हणाल्या. "पकड राहणार नाही. काय काम करता?"

मी म्हटलं, "दगड घडवतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला.

"कसं झालं हे?"

आयुष्यभर गप्प राहिलेल्या माझ्या भाच्याने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्याही आधी उत्तर दिलं.

"दगड पडला," तो म्हणाला. "तुळईचा. हातावर."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"नाही," दारातून आवाज आला. वहिनी चौकटीला धरून उभी राहिली होती. "त्याचा दगड पडला नाही. त्याचा दगड पडत नाही. मी मारलं. हातोड्याने, दोनदा. तसं लिहा."

"गप बस," गप्पू म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "तसं लिहिलं तर मला पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा."

"तुम्ही यांच्या कोण?"

वहिनीने उत्तर द्यायला वेळ घेतला. एवढा वेळ तिने कधी कुठल्या उत्तराला घेतला नव्हता.

"आई," ती म्हणाली. "तेही लिहा."